जुनी गाडी पुन्हा पुन्हा तापते? आधी बदललेले पार्ट मोजून बघा

घाट चढताना काटा वर सरकतो. गाडी कडेला घेऊन, निवू देऊन रेडिएटरची कॅप उघडली की पाणी कमी झालेलं दिसतं. पाणी घातलं की गाडी घरी येते. मिस्त्री एखादा पार्ट बदलतो, तीन-चार आठवडे बरे जातात आणि पुढच्या घाटात पुन्हा तेच. वीस-पंचवीस वर्षांची गाडी सांभाळणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं असेल. माझ्याकडे ते दीड वर्ष चाललं. तेवढ्यात कॅप, वरचा पाईप, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप), वॉटर पंप असं सगळं बदलून झालं, रेडिएटर दोनदा उतरवला. मूळ बिघाड पहिल्याच दुरुस्तीत गेला होता, हे फार उशिरा लक्षात आलं. पुढची सगळी दुखणी नव्या पार्टांनी आणली होती. ते पार्ट टाकाऊ नव्हते, फक्त माझ्या गाडीचे नव्हते.

गाडी मारुती एस्टीम, १९९८ची, कार्ब्युरेटरची. बाबांनी घेतलेली पहिली नवी गाडी. २०१३, २०१८ आणि २०२३ला तिचं रजिस्ट्रेशन पुढे वाढवून घेतलंय आणि २०२८लाही घ्यायचंय, म्हणून ती नीट राहायला हवी. इंजिन १२९८ सीसीचं, ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचं. वजनाला हलकं, चालायला गोड, पण तापणं त्याला अजिबात सोसत नाही. या इंजिनाच्या हेडचा पृष्ठभाग ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकडा चालत नाही. घाटात दोन वेळा 'थोडीच तापली होती' म्हणत पुढे रेटली, तर तेवढा बाक यायला वेळ लागत नाही.

आमच्या मावशीचं घर चिपळूणला. साताऱ्याहून कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्लीतून उतरायचं आणि दोन दिवसांनी पोफळीकडून तोच घाट चढायचा. उतरताना गाडीला काही होत नाही. चढताना दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, पुढे उसाचा किंवा वाळूचा ट्रक, वेग वीस-पंचवीस. कूलिंगमधली प्रत्येक कमी तिथे उघडी पडते. सपाट रस्त्यावर वारा रेडिएटर सांभाळून घेतो, म्हणून पुणे-सातारा हायवेवर गाडी ठीक चालली यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पार्ट घ्यायच्या आधी

हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, गेलेलं नाही ना, याची खात्री करून घ्या. ते गेलं असेल तर बाकी कितीही पार्ट बदला, उपयोग नाही. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना कॅप काढा, पाणी तोंडापर्यंत भरा आणि गाडी चालू करा. तोंडातून सतत बारीक बुडबुडे येत असतील, किंवा रेस केल्यावर पाणी उसळून बाहेर येत असेल, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ, पिवळट साय दिसली तरी तीच शंका धरा. माझ्या गाडीत यातलं काही नव्हतं.

गाडी गरम असताना कॅपला हात लावू नका. फडकं धरूनही नाही. आतलं पाणी दाबाखाली उकळीच्या वर असतं आणि झाकण सैल होताच वाफ होऊन अंगावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबलात तर काही बिघडत नाही.

कॅप

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवा पार्ट हाच. दुकानदार बरणीतून एक काढून देतो, ती तोंडावर फिरते, लॉक होते, आपण पैसे देऊन निघतो.

कॅपचं काम नुसतं झाकण्याचं नाही. वरच्या मोठ्या स्प्रिंगखाली जे रबर असतं, ते रेडिएटरच्या तोंडाच्या आत खाली असलेल्या गोल कडेवर दाबून बसतं आणि आतला दाब धरून ठेवतं. माझ्या गाडीच्या मूळ कॅपवर ०.९ लिहिलं आहे, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो दाबापर्यंत ती उघडत नाही. या दाबाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. दाब नसेल तर साताऱ्याच्या उंचीवर ते ९७-९८ अंशांनाच उकळतं. वीस अंशांचं अंतर एका रबराच्या चकतीवर अवलंबून असतं.

मला मिळालेल्या कॅपवरही ०.९च होतं. फरक खोलीत होता. रेडिएटरच्या तोंडाच्या वरच्या कडेपासून आतल्या बैठकीपर्यंतचं अंतर सगळ्या गाड्यांना सारखं नसतं आणि त्याप्रमाणे कॅपच्या आतल्या भागाची लांबी बदलते. माझी नवी कॅप जुनीपेक्षा दीड-दोन मिलिमीटर आखूड होती. तोंडावर घट्ट फिरायची, पण खालचं रबर बैठकीला जेमतेम शिवायचं. दाब तयारच होत नव्हता. पाणी लवकर उकळायचं, जादा पाण्याच्या बाटलीत यायचं, बाटलीतून खाली सांडायचं. गळती कुठेच दिसायची नाही आणि पाणी मात्र कमी व्हायचं.

हे कळलं कुंकवामुळे. कॅपच्या खालच्या रबराला ओल्या कुंकवाचा पातळ हात दिला, कॅप गार रेडिएटरवर बसवली, लॉकपर्यंत फिरवली आणि सरळ वर काढली. बैठकीच्या पितळी कडेवर पूर्ण लाल वर्तुळ उमटायला हवं होतं. उमटली ती अर्धवट चंद्रकोर, आणि तीही एकाच बाजूला. मूळ कॅपचं रबर कडक झालेलं होतं, तरी तिचं वर्तुळ पूर्ण आलं. (नंतर कुंकू ओल्या फडक्याने पुसून घ्या, आत जाऊ देऊ नका.)

त्याआधी आणखी एक चूक करून झाली होती. एका गॅरेजमध्ये सांगितलं, ०.९ कमी पडतोय, १.१ची लावू. ती कॅप खोलीला बरोबर होती, बसली छान, पाणीही टिकलं. तीन आठवड्यांनी गाडीत गोडसर वास यायला लागला आणि डाव्या बाजूच्या पायाखालचं कार्पेट ओलं लागलं. हीटरच्या आतल्या जुन्या जोडाने वाढलेला दाब सोसला नव्हता. जुन्या गाडीला कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त दाबाची कॅप लावू नये, हे मी आता ठामपणे सांगतो. सगळ्यात म्हातारा जोड आधी फुटतो.

कॅपच्या मधोमध दुसरा, लहान व्हॉल्व्ह असतो. गाडी निवताना आत पोकळी तयार होते, तेव्हा तो उघडून बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढून घेतो. सकाळी वरचा पाईप चपटा, आत ओढल्यासारखा दिसला तर हा व्हॉल्व्ह अडकलाय किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी चोंदली आहे. नळी आधी फुंकून बघा. तिला पैसे लागत नाहीत.

पाईप

वरचा पाईप आणला तेव्हा दुकानदार म्हणाला, "थोडा लांब आहे, कापून घ्या." कापला आणि बसला. पण वळणावर त्याची चुणी पडली, कारण त्याचा कोपरा दुसऱ्या गाडीच्या मापाचा होता. चुणीच्या जागी आतली वाट निम्मी होते, शिवाय बाहेरून पाईप फॅनच्या सावलीपट्टीला (फॅनभोवतीच्या प्लॅस्टिकच्या चौकटीला) घासतो. पाईपची लांबी कापून जुळवता येते, कोपऱ्याचा कोन आणि जागा नाही. दुकानात जाताना जुना पाईप घेऊन जा, नवा त्याच्याशेजारी काउंटरवर सपाट ठेवा आणि दोन्ही टोकं एकाच दिशेला बघतात का ते पाहा. दोन्ही टोकांची आतली मापं व्हर्नियरने घ्या. काही पाईपांची दोन टोकं मुद्दाम वेगळ्या मापाची असतात.

सैल टोक क्लिप आवळून घट्ट करायचा मोह होतो. तसं केलं की क्लिपखाली रबराची घडी पडते आणि त्या घडीतून थेंब येतो. गाडी गरम असताना तो थेंब तिथेच सुकतो, म्हणून ओल दिसत नाही. दिसते ती नळीच्या तोंडाभोवती साचलेली हिरवट-पांढरी खपली. टॉर्च घेऊन सगळ्या जोडांवर ती शोधा.

खालच्या पाईपची परीक्षा वेगळी. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. गाडी पूर्ण तापू द्या, कोणाला तरी रेस करायला सांगा आणि पाईपकडे बघा. रेस वाढली की तो आत चेपत असेल तर एक तर रबर मऊ पडलंय किंवा रेडिएटर चोंदल्यामुळे पंपाला पाणी मिळत नाही. हात, बाही, ओढणी, सगळं फॅनपासून लांब ठेवा.

थर्मोस्टॅट

"आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही, काढून टाकू." हे वाक्य मी तीन गॅरेजमध्ये ऐकलं आणि एकदा मान्यही केलं. सकाळी इंजिन गरमच होईना, चोक लांबला, अॅव्हरेज पडलं, आणि घाटात काटा तरीही चढला. थर्मोस्टॅट नसला की पाणी फार जोरात पळतं म्हणून थंड होत नाही, असं काही जण सांगतात. ते खरं नाही. खरं कारण असं की बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याच्या खालची चकती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता तसाच इंजिनात फिरत राहतो.

घेताना चार गोष्टी जुळवा: बाहेरचा व्यास, कडेची जाडी, खालच्या भागाची लांबी आणि अंगावर ठोकलेलं तापमान. माझ्या इंजिनाला ८२ अंशांचा लागतो. ८८चाही त्याच खाचेत बसतो. कडेवर एक छोटी हलणारी पिन असते, हवा निघून जायला. ती वरच्या बाजूला येईल असा तो बसवायचा. माझ्याकडे एकदा खाली आली होती आणि हवा अडकून राहिली.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी गॅसवर तपासता येतो. स्वयंपाकात परत वापरायचं नाही असं जुनं पातेलं घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात टांगा, बुडाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. ८२चा त्याच सुमारास उघडायला लागतो आणि ९५पर्यंत चांगला आठ मिलिमीटर उघडतो. ८८च्याला पूर्ण उघडायला शंभराच्या जवळ जावं लागतं, आणि साताऱ्यात उघड्या पातेल्यातलं पाणी तिथवर पोचतच नाही. म्हणून तो अर्धा उघडला म्हणून खराब ठरवू नका. फक्त तो ८२च्या जागी लावू नका.

वॉटर पंप

सगळ्यात जास्त गोंधळ इथे झाला आणि त्याला कारण आहे. एस्टीम १९९४ला आली. तिच्याआधी जवळपास त्याच बॉडीत मारुती १००० होती, तिचं इंजिन वेगळं. एस्टीमलाही पुढे एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं) आणि १६ व्हॉल्व्हचं इंजिन आलं. १.३ लिटरचं याच घराण्यातलं इंजिन जिप्सी किंगमध्ये गेलं आणि त्याचा धाकटा भाऊ, ९९३ सीसीचा, झेनमध्ये. त्यामुळे 'एस्टीमचा पंप द्या' एवढं म्हटलं तर काउंटरवर दोन-तीन वेगवेगळे पंप येऊ शकतात, आणि सगळे चुलत भावांसारखे दिसतात. जिप्सीचं इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं आणि फॅन थेट पंपाच्या नाकावर, म्हणून तिच्या पंपाचं नाक वेगळं. एस्टीमला रेडिएटरवर विजेचा फॅन.

मला दिलेल्या पंपाची बोल्टांची भोकं तंतोतंत जुळली. पुली मात्र दोन-तीन मिलिमीटर पुढे आली. पट्टा वाकडा चालायला लागला, आठवडाभरात पुलीखाली काळी भुकटी जमली, रात्री गाडी चालू करताना किंचाळी यायची. पट्टा घसरला की पंप पुरेसा फिरत नाही. मिस्त्रीने पट्टा दोनदा ताणला, त्याने पंपाच्या बेअरिंगवर भार आला आणि दोन महिन्यांत पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून थेंब पडायला लागले. ते भोक बुजवू नका. आतलं सील गेलं हे सांगायलाच ते ठेवलेलं असतं.

पंप घेताना जुना शेजारी ठेवून दोन मापं घ्या. बसण्याच्या सपाट पृष्ठभागावर पोलादी पट्टी आडवी धरा. तिथून पुली जिथे बसते तिथपर्यंतची उंची मोजा, आणि दुसऱ्या बाजूला पंपाच्या आतल्या पंख्याच्या पात्यांपर्यंतची खोली. पाती कमी खोल गेली तर मध्ये फट राहून पाणी ढकललं जात नाही. जास्त खोल गेली तर बॉडीला घासतात. पात्यांची वळण्याची दिशाही बघा. या इंजिनात पंप काढायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, तेव्हा बेल्टचं आयुष्य संपत आलं असेल तर दोन्ही कामं एकदाच उरका. चुकीचा पंप म्हणजे ती सगळी मजुरी दोनदा. सिलिकॉन लावायचंच असेल तर दोऱ्याएवढं बारीक. आतल्या बाजूने निघालेल्या त्याच्या साली रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतात.

रेडिएटर आणि फॅन

रेडिएटर उतरवलात तर चांगल्या रेडिएटरवाल्याकडे न्या आणि समोर उभे राहा. मी ज्यांच्याकडे जातो त्या चाचांनी दोन्ही तोंडांत रबरी बुचं ठोकली, एका नळीतून हवा सोडली आणि रेडिएटर सिमेंटच्या हौदात बुडवला. पहिला मिनिटभर काही नाही. मग खालच्या कोपऱ्यातून मोहरीएवढे बुडबुडे, एकामागे एक. चाचा म्हणाले, "साहेब, जाळी चांगली आहे, जोड गेलाय. नवी कशाला घालता?" त्यांनी डाग दिला आणि नवी जाळी विकली नाही. असा माणूस जपून ठेवावा.

जाळी बदलायचीच वेळ आली तर जुनीतल्या नळ्यांच्या ओळी आणि जाळीची जाडी मोजून ठेवा. बाहेरचं माप तेच ठेवून आत कमी नळ्या असलेली जाळी बाजारात मिळते. सपाटीला ती पुरते, घाटाला नाही. एसी आणि बिगरएसी गाडीचा रेडिएटरही एक धरू नका.

फॅनची मोटर बदलली असेल तर एक तपासणी कराच. फॅन चालू असताना ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा. तो आत ओढला गेला पाहिजे. बाहेर फेकला जात असेल तर मोटरच्या वायरी उलट्या जोडल्यात आणि फॅन समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडतोय. फॅन फिरताना दिसतो, आवाज येतो, म्हणून हे कोणाच्या लक्षात येत नाही. फॅनभोवतीची प्लॅस्टिकची सावलीपट्टी काढून टाकलेली असेल तर शोधून लावा. फॅनचा स्विच घेताना आट्यांबरोबर त्यावरचं तापमानही जुळवा.

दुकानात जाताना

आरसी बुकवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष, इंजिन नंबर, चेसिस नंबर यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नोंदणीचं वर्ष सांगू नका. गाडी डिसेंबरात बनून मार्चमध्ये नोंदलेली असू शकते आणि मधल्या काळात कंपनीने पार्ट बदललेला असू शकतो. मूळ पार्टवर नंबर असेल तर तो उतरवून घ्या. मारुतीच्या नंबरात पहिले पाच आकडे पार्टची जात सांगतात, जसं १७४०० पंप, १७६७० थर्मोस्टॅट, १७७०० रेडिएटर. तुमच्या मॉडेलचा पत्ता त्याच्या पुढच्या अक्षर-आकड्यांत असतो, म्हणून नंबर पूर्ण जुळायला हवा.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीला कोणी जाणारं असेल तर काश्मिरी गेट. कूलिंगचे पार्ट जुन्या बाजारातून घ्यायचे की नाही, याचं माझं उत्तर पार्टप्रमाणे बदलतं. सावलीपट्टी, पाण्याची बाटली, पुली, ब्रॅकेट, थर्मोस्टॅटची बॉडी भंगारातल्या मूळ गाडीची मिळाली तर आनंदाने घ्या, कारण माप बरोबर असतं. पाईप, कॅप, पंप, थर्मोस्टॅट जुने कधीच नाही. विकत घेताना 'न बसल्यास परत' हे बिलावर लिहून घ्या, आणि मिस्त्रीला सांगा की काढलेला एकही पार्ट फेकायचा नाही. माझी मूळ कॅप मिस्त्रीच्या डब्यात तळाशी सापडली, म्हणून तर खोलीतला फरक कळला.

शेवटी भरताना बोअरचं पाणी घालू नका. आमच्या भागात ते इतकं जड आहे की नव्या जाळीतही क्षार धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, किंवा तयार मिसळलेलं कूलंट. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, कॅप काढून इंजिन चालू करा आणि फॅन एकदा लागून बंद होईपर्यंत हवा निघू द्या. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते गोड असतं, विषारी असतं, आणि गल्लीतली कुत्री चाटतात.

मग बाटलीवर मार्करने एक रेघ मारा, सकाळच्या गार गाडीची. पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी तीच रेघ बघा. गेल्या खेपेला पोफळीहून चढून वर आलो, एसी चालू ठेवून, चौघे बसलेले. काटा अर्ध्याच्या किंचित खाली होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी बॉनेट उघडलं, तर पाणी रेघेवर होतं.